चेनचा झोल

मोटारसायकलची चेन घट्ट ठेवायची नसते, मोजून सैल ठेवायची असते. गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये आणावी, पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या बरोबर मध्यावर चेनचा खालचा पदर बोटाने वर उचलावा, मग खाली दाबावा. या दोन टोकांमधले अंतर म्हणजे झोल. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना तो २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो. उंच सस्पेन्शनच्या, खडबडीत रस्त्यांसाठी केलेल्या गाड्यांना त्याहून जास्त. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो, काही गाड्यांच्या स्विंग आर्मवर चिकटवलेल्या पट्टीवरही असतो. पण पुस्तिका घरातल्या कपाटात कोरीकरकरीत पडून असते, पट्टी चिखलाखाली गेलेली असते, आणि गॅरेजमध्ये फर्माईश होते ती एकच : ‘चेन जरा टाइट करून द्या.’ किती टाइट, ते गिऱ्हाईक सांगत नाही आणि मिस्त्रीही विचारत बसत नाही.

ही फर्माईश होते त्याला कारण आहे. सैल चेन बोंबलते. ती कव्हरवर आपटते, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा देताना खाडकन झटका बसतो, स्पीडब्रेकरवरून उतरताना खालून खळखळाट ऐकू येतो. घट्ट चेन बिचारी दुखणे अंगावर काढते. फार तर एक बारीक घरघर, आणि गाडी ढकलताना किंचित जड लागते, एवढेच. म्हणून आवाज बंद झाला की काम झाले, असा समज पक्का बसला आहे. वाळत घालायच्या दोरीसारखी चेनही ताठ दिसली म्हणजे बरे वाटते. दोरीची दोन्ही टोके मात्र जागची हलत नाहीत. चेनचे एक टोक सतत वरखाली होत असते, आणि सगळी गोम तिथेच आहे.

मागचे चाक स्विंग आर्मवर बसवलेले असते. हा आर्म पुढच्या बाजूला चौकटीला एका पिव्होटवर जोडलेला असतो आणि खड्डा आला की चाकासकट वर उचलला जातो. पुढचा स्प्रॉकेट गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर असतो, म्हणजे पिव्होटच्या थोडा पुढे. दोहोंचे केंद्र एकच असते तर चाक कितीही हलले तरी चेनला त्याचे सोयरसुतक नसते. केंद्रे वेगळी असल्यामुळे चाक वर चढू लागले की पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर वाढत जाते. स्प्रॉकेटचे केंद्र, पिव्होट आणि अ‍ॅक्सल हे तीन बिंदू एका सरळ रेषेत आले की ते सगळ्यात जास्त होते. चाक त्याच्याही वर गेले तर पुन्हा कमी होऊ लागते. रिकाम्या गाडीत अ‍ॅक्सल या रेषेच्या बराच खाली असतो. त्यामुळे स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीची चेन सैल दिसते, आणि तीच गाडी दोघांना घेऊन खड्ड्यात आदळते तेव्हा चेन तिच्या सर्वांत घट्ट अवस्थेला पोचते. पुस्तिकेतला आकडा त्या क्षणाचा हिशेब करून दिलेला असतो. स्टँडवरच ताठ केलेल्या चेनला त्या क्षणी द्यायला काही उरत नाही. मग सस्पेन्शनचा सारा जोर तिच्यावर, आणि तिच्यामार्फत दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर येतो.

ओझ्याच्या गाड्यांना हे अधिकच लागू पडते. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे गावोगाव फिरणारी गाडी घ्या. शॉकअब्सॉर्बर भाराने आधीच दबलेले असतात आणि अ‍ॅक्सल त्या सरळ रेषेच्या जवळ येऊन बसलेला असतो. अशा गाडीची चेन कॅन उतरवून, रिकाम्या गाडीवर अगदी बेताच्या झोलाला लावली तर भरल्या गाडीत ती तारेसारखी ताठ होणार. शंका असेल तर एक साधी परीक्षा आहे. नेहमीचे दोघे सीटवर बसवावेत, तिसऱ्याने खालच्या पदराला बोट लावून पाहावे. तेव्हाही थोडी हालचाल शिल्लक असली पाहिजे. पुस्तिकांत मोजमाप कधी साइड स्टँडवर, कधी मेन स्टँडवर सांगितलेले असते. आकडा ज्या स्टँडचा दिला असेल त्याच स्टँडवर मोजावे, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही.

घट्ट चेनचे बिल उशिरा येते आणि मोठे येते. मागच्या चाकाचे बेअरिंग जाते, ते त्यातल्या त्यात स्वस्त. पुढच्या स्प्रॉकेटमागचे ऑइल सील गळू लागते आणि त्या भागात काळा चिकट राडा जमतो. गिऱ्हाईकाला वाटते चेनचेच तेल उडाले असेल. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग गेले तर बहुतेक गाड्यांत इंजिन खाली उतरवून खोलावे लागते. पंधरा मिनिटांच्या कामात पान्याचा एक फेरा जास्त पडला, त्याची ही किंमत.

सैल चेनची जोखीम वेगळ्या जातीची आहे. झोल बेसुमार वाढला की चेन दातांवरून उड्या मारते, आणि एके दिवशी उतरते. ती मागच्या बाजूला उतरली तर बहुधा गाडी नुसती थांबते. पुढे उतरून स्प्रॉकेट आणि इंजिनाच्या केसिंगमध्ये अडकली तर केसिंग फुटू शकते, किंवा मागचे चाक चालत्या गाडीत जाम होते. घाटाच्या उतारावर चाक जाम होणे म्हणजे काय, हे लिहून सांगायची गरज नाही. म्हणूनच मिस्त्री लोक घट्टकडे झुकतात, आणि जिवाच्या हिशेबाने पाहिले तर त्यांचे अगदीच चुकते असे म्हणवत नाही. पण पुस्तिकेतला आकडा या दोन्ही संकटांच्या मधला आहे, तेव्हा त्यांच्यात निवड करण्याची वेळ मुळात यायलाच नको.

चेनवर भार किती येतो, याची कल्पना सहसा नसते. शंभर सीसीच्या साध्या गाडीचे इंजिन सुमारे ८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. पहिल्या गिअरमध्ये तो पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत पोचताना दहापटीहून अधिक होतो. स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम तीन सेंटिमीटर. भागाकार केला की वरच्या पदरावर साधारण ३०० किलोचे वजन टांगल्याएवढी ओढ निघते, तीही एरवी किरकोळ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गाडीत. गाडी ओढत असताना वरचा पदर असा ताठ असतो आणि सगळा झोल खालच्या पदरात गोळा होतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरली की उलटे घडते : खालचा पदर ताणला जातो, वरचा सैल पडतो. खाडकन बसणारा तो झटका या अदलाबदलीचा असतो.

आज मोटारसायकलला असते त्या घडणीची चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला पेटंट केली. रेनॉल्ड मूळचे स्विस. इंग्लंडमध्ये येऊन त्यांनी कापडगिरण्यांच्या यंत्रांना लागणाऱ्या चेनचा एक छोटा कारखाना विकत घेतला होता. त्यांच्या आधीच्या चेनमध्ये पट्ट्या थेट पिनेवर फिरत आणि पट्टीच्या पातळ कडेवर सगळी झीज होई. रेनॉल्ड यांनी पिनेभोवती एक पोकळ बुश घातला, त्यामुळे घर्षण पिनेच्या पूर्ण लांबीवर विभागले गेले. बुशच्या बाहेर सुटा फिरणारा रोलर असतो. स्प्रॉकेटच्या दाताला तोच टेकतो. रचना इतकी नेमकी होती की पुढच्या काळात धातू सुधारला, वंगण सुधारले, रबरी रिंगा आल्या, पण पट्टी, पिन, बुश आणि रोलर हे चौघे जागचे हलले नाहीत. चेनवर कोरलेले ४२८ किंवा ५२० हे आकडेही त्याच काळच्या इंची मापांचे. पहिला अंक म्हणजे दोन पिनांमधले अंतर, एक-अष्टमांश इंचात. चार म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, पाच म्हणजे पाच-अष्टमांश.

‘चेन वाढली’ असे म्हणतात तेव्हा पोलाद ताणले जाऊन लांब झाले असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि त्या झिजेची बेरीज लांबी म्हणून दिसते. ४२८ मापाची ११० कड्यांची चेन समजा. नवी असताना तिची लांबी १,३९७ मिलिमीटर. प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा झिजला, जो नुसत्या डोळ्याला दिसणारही नाही, की चेन सुमारे १४ मिलिमीटरने वाढते. ही वाढ दोन पदरांत वाटली जाते, म्हणून तेवढीच भरून काढायला अ‍ॅक्सल सात मिलिमीटर मागे न्यावा लागतो. समायोजन म्हणून जे करतात ते एवढेच. झीज भरून येत नाही. चाक मागे सरकवून तिला जागा करून दिली जाते.

काम सुरू करण्यापूर्वी मागचे चाक हाताने सावकाश फिरवून चेन तीन-चार ठिकाणी तपासायची, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. वंगण न पोचलेले, गंजून आखडलेले सांधे एका भागात असतात, बाकीचा भाग सैल झालेला असतो. शिवाय स्प्रॉकेट किंचित लंबगोल फिरत असेल तर त्याचा परिणाम वेगळा. एका जागी झोल ४० मिलिमीटर आणि चाक अर्धे फिरवल्यावर १५, असे आढळणे मुळीच दुर्मिळ नाही. माप घ्यायचे ते सर्वांत घट्ट जागी. सैल जागी माप घेऊन चेन आवळली तर घट्ट जागा अधिकच आवळली जाते, आणि गडबडीत नेमके हेच होते. घट्ट आणि सैल जागांतला फरक फारच मोठा असेल तर पाना बाजूला ठेवावा. ती चेन संपलेली आहे.

हे सगळे इंजिन बंद असताना. गाडी मेन स्टँडवर घेऊन, पहिला गिअर टाकून, चाक फिरत ठेवून चेनवर फडके धरण्याची पद्धत रस्त्याकडेच्या गॅरेजांत आणि इमारतींच्या पार्किंगमध्ये सर्रास दिसते. फडक्याचे टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गेले की फडके ओढले जाते, आणि फडक्यामागे बोटे. माणसाने हात मागे घेईपर्यंत दोन-तीन दात फिरून गेलेले असतात. यात बोटाची पेरे गमावलेली माणसे आहेत, आणि त्यांतले बरेच जण सराईत होते. चाक हाताने फिरवायला दोन मिनिटे जास्त लागतात.

प्रत्यक्ष काम सोपे आहे. अ‍ॅक्सलचा मोठा नट सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. स्प्लिट पिन असेल तर आधी ती काढायची. ज्या गाड्यांत ड्रम ब्रेकची प्लेट एका पट्टीने स्विंग आर्मला बांधलेली असते तिथे त्या पट्टीचा नटही ढिला करावा लागतो. मग दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरचे लॉकनट मोकळे करून बोल्ट फिरवायचे. कामाची सगळी नजाकत इथे आहे. अ‍ॅक्सल एखादाच मिलिमीटर मागे गेला तरी झोल निम्म्यावर येऊ शकतो. भूमितीच तशी आहे : चेनच्या लांबीतला लहानसा फरक मध्यभागी कितीतरी पट मोठा होऊन दिसतो. अ‍ॅडजस्टरच्या बोल्टचे आटे साधारण एक मिलिमीटरच्या अंतराने असतात, तेव्हा पूर्ण फेरा म्हणजे फार झाले. पाव फेरा डावीकडे, पाव फेरा उजवीकडे, मग पुन्हा बोटाने मोजणे, असे जायचे. जुन्या बुलेटला बोल्टच्या जागी गोगलगाईच्या आकाराची, कडेला खाचा असलेली चकती असते. दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर ती फिरवली की चाक सरळ बसते. दिसायला ओबडधोबड, पण विसरभोळ्या हातांसाठी याहून चांगली सोय अजून निघालेली नाही.

दोन्ही बाजू सारख्या सरकल्या नाहीत तर चाक तिरके बसते, चेन स्प्रॉकेटच्या दातांना कडेने घासते आणि गाडी एका अंगाला ओढते. स्विंग आर्मवर यासाठी रेघा कोरलेल्या असतात. त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकू नये. एकदा पडलेल्या गाडीत तर मुळीच नाही. पिव्होटच्या केंद्रापासून अ‍ॅक्सलच्या केंद्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजून ताडून पाहणे अधिक खात्रीचे. दुसरी खूण स्प्रॉकेटवर सापडते. दातांची एकच बाजू घासून चकचकीत झाली असेल तर चाक बरेच दिवस वाकडे धावते आहे.

अ‍ॅक्सलचा नट आवळताना चाक अ‍ॅडजस्टरला पुढून टेकलेले असले पाहिजे. त्यासाठी कसबी मिस्त्री मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये कापडाचा बोळा धरून चाक हाताने मागे फिरवतो. बोळा आत ओढला जातो, चेन ताणली जाते आणि चाक आपोआप पुढे खेचून बसते. मग नट आवळायचा, बोळा काढायचा. नट आवळला की झोल पुष्कळदा बदलतो, म्हणून शेवटचे माप आवळल्यानंतरचे. त्यानंतर लॉकनट आणि नवी स्प्लिट पिन.

यापुढचा टप्पा निम्म्या गॅरेजांत राहून जातो. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकले की ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि ब्रेक धरून ठेवतो. चाक हाताने फिरवून ते मोकळे फिरते का ते पाहायचे, रॉडच्या टोकाचा नट सैल करून पॅडलचा मोकळा खेळ पूर्ववत करायचा, मागचा ब्रेकलाइट पॅडल दाबल्यावर लागतो आणि सोडल्यावर विझतो याची खात्री करायची. प्लेटची पट्टी ढिली केली असेल तर तिचा नट विसरलेला परवडत नाही. पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच ड्रमची प्लेट चाकाबरोबर फिरते.

चेन लवकर सैल पडते त्याचे खरे कारण बहुधा वंगण नसणे हे असते. पावसाळ्यात तर हमखास. कोकणातला तांबडा चिखल किंवा देशावरची काळी माती पाण्यात मिसळून सांध्यांत शिरली की पॉलिश पेपरचे काम करते. साधारण ५०० ते १,००० किलोमीटरला, आणि पावसात त्याहून लवकर, चेन रॉकेलने धुऊन, पुसून, वाळवून खालच्या पदराच्या आतल्या बाजूने तेल सोडावे; फिरताना ते बाहेरच्या दिशेने पसरत जाते. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा तेल सांध्यांत चांगले उतरते. ऐंशी-नव्वद नंबरचे गिअर ऑइल चालते, डब्यातला स्प्रेही चालतो. इंजिनातून काढलेले काळे तेल चालत नाही, त्यात धातूचा कीस असतो. ज्या चेनच्या पट्ट्यांमध्ये रबरी ओ-रिंग असतात तिच्या पिनेतले ग्रीस कारखान्यातच आत बंद केलेले असते. तिला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये. ती कमी झिजते, कमी वेळा आवळावी लागते, आणि महागही असते.

आपल्याकडच्या पुष्कळ प्रवासी गाड्यांना चेनभोवती पूर्ण कव्हर असते. धूळपाणी लागत नाही, वंगण टिकते, आणि मागे एका बाजूला बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चेनमध्ये जाण्याचा धोका टळतो. चाकासाठी साडी गार्ड वेगळे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३व्या नियमाने मागचे निदान अर्धे चाक झाकणारी अशी सोय बंधनकारकच केली आहे. कव्हरचा तोटा एकच, पण मोठा : चेन डोळ्यांआड जाते. कव्हरला खालून एक रबरी बूच असते, ते काढून बोट आत घालून झोल पाहता येतो. बूच हरवलेले असेल तर त्या भोकातून पाणी आत जात राहते. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, ती लावून घ्यावी.

अ‍ॅडजस्टर शेवटच्या रेघेपर्यंत गेला की समायोजन संपले. चेनमधली एक कडी काढून ती पुन्हा वापरण्याचा सल्ला तिथे हटकून मिळतो. तो मानू नये. लांबी कमी झाली तरी सांध्यांतली झीज तशीच राहते. तपासायला मागच्या स्प्रॉकेटवर, अगदी मागच्या टोकाला, चेन चिमटीत धरून मागे ओढावी. दाताचा निम्म्याहून अधिक भाग उघडा दिसला तर चेन गेली. पुढे कललेले, टोकदार झालेले दात दिसले तर स्प्रॉकेटही गेले. अशा दातांवर घातलेली नवी चेन फार दिवस टिकत नाही, म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत. दुकानात हा सेट एका खोक्यात मिळतो. जोडकडीला क्लिप असेल तर तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, तेव्हा पहिल्या ५०० किलोमीटरच्या आत तिचा झोल पुन्हा एकदा मोजून घ्यावा.